कुत्रा की लांडगा? विदर्भातल्या खेड्यात नव्याने आलेल्यांसाठी

शाळेवर, बँकेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर कृषी सहायक म्हणून विदर्भातल्या खेड्यात नेमणूक झाली, की पहिल्याच हिवाळ्यात हा प्रश्न पडतो. सकाळच्या एसटीसाठी तुम्ही फाट्यावर उभे असता आणि तुरीतून एक भुरकं जनावर निघून पांदण ओलांडून जातं. गावात सांगितलं की अर्धे म्हणतात कुत्रंच असेल, अर्धे म्हणतात लांडगा, आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर 'बिबट्या आला' असा मेसेज फिरू लागतो.

नाव चुकलं की त्याची झळ कुणाला तरी बसते. कुत्र्यांनी मारलेल्या शेळीचा राग लांडग्याच्या बिळावर निघतो. लांडग्याची पिल्लं कुत्र्याची समजून पोरं घरी घेऊन येतात. 'गावातलंच कुत्रं होतं' म्हणून पिसाळलेल्या जनावराचा चावा अंगावर काढला जातो. संपूर्ण भारतात लांडगे साधारण तीन हजारच असावेत, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. वाघाएवढाच दुर्मीळ असलेला हा प्राणी आपल्या बांधावरून जातो आणि आपण त्याला ओळखत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझा आग्रह एवढाच, की रंग आणि तोंड शेवटी बघा. आधी जागा बघा, मग चाल आणि मग वागणं. नवखे लोक नेमकं उलटं करतात आणि म्हणून फसतात. आणि सुरुवात कायम 'हा कुत्रा असावा' इथूनच करा, कारण शिवारात फिरणाऱ्या अशा जनावरांत कुत्रेच जास्त असतात. लांडगा म्हणायला पुरावा लागतो.

आधी जागा आणि वेळ

विदर्भ म्हटलं की बाहेरच्या माणसाला ताडोबा, मेळघाट आणि वाघ आठवतात. लांडग्याचं रान वेगळं. त्याला दाट सागवान नको असतं, उघडा मुलूख लागतो: गवताचा माळ, पडीत, ई-क्लासची म्हणजे गावच्या चराईची सरकारी जमीन, नाल्याच्या दरडी आणि त्यांना लागून असलेली कोरडवाहू शेतं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर जी 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली आहे, तसली जागाही त्याला मानवते. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठी राखलेलं आहे. जिथे काळवीट आणि ससे आहेत आणि शेळ्या-मेंढ्या चरतात, असा मुलूख डोळ्यांसमोर आणा. लांडगा तिथलाच.

म्हणून कुणाच्या शेतात मेंढ्या बसवल्या आहेत, हे गावात विचारून घ्या. धनगर, कुरमार, नाहीतर उंट घेऊन येणारे रबारी शिवारात उतरले, की त्यांच्या कळपामागे लांडगेही येऊ शकतात. गावात लांडग्याची पक्की ओळख कुणाला असेल तर या मेंढपाळांना. त्यांच्याशी चहाच्या निमित्ताने दोन गोष्टी बोला, त्यातून जे कळेल ते कुठल्या पोस्टरवरून कळणार नाही.

वेळ बहुधा पहाटेची, तिन्हीसांजेची आणि रात्रीची. भर दुपारी ग्रामपंचायतीच्या ओट्याखाली झोपलेलं किंवा उकिरड्यावर पिशव्या फाडत बसलेलं जनावर कुत्रा आहे. त्यावर डोकं खपवू नका.

चाल

इथे थांबून नीट शिकून घ्या, कारण शंभर-दीडशे मीटरवरून दुसरं काहीही भरवशाने दिसत नाही.

गावातला कुत्रा चालतो तेव्हा त्याचं लक्ष दहा ठिकाणी असतं. दोन पावलं पुढे, मग धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा दगड हुंगणं, एक पाय वर करणं, मागे वळून मालकाकडे बघणं, पुन्हा वाकडं जाऊन पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत शिरणं. तो रस्ता सरळ कापत नाही.

लांडगा कुठेतरी जायला निघालेला असतो. हलकी, एकसारखी दुडकी चाल, पाठ जवळजवळ स्थिर, मान खाली आणलेली आणि डोकं पाठीच्या रेषेत किंवा त्याहून किंचित खाली. पुढचा पाय जिथे पडला, मागचा पाय बरेचदा त्याच ठशावर पडतो. त्यामुळे तो एका ओळीत चालल्यासारखा दिसतो. हरभऱ्याच्या शेताच्या या टोकाला दिसला आणि तुम्ही खिशातून मोबाइल काढेपर्यंत त्या टोकाला पोचला, तरी तो पळाला असं वाटत नाही.

सराव कुत्र्यांवर करा. आठवडाभर सकाळी गावातल्या कुत्र्यांची चाल बघा: मोती कसा चालतो, शेरू कसा, मेंढपाळाचा कुत्रा कसा. कुत्रा डोळ्यात एकदा पक्का बसला, की वेगळी चाल आपोआप खटकते. एका मेंढपाळ काकांना मी विचारलं होतं, तुम्ही इतक्या लांबून कसं ओळखता? ते म्हणाले, "थो कामाले चालला रायते सर, कुत्रं हिंडाले चाललं रायते." यापेक्षा चांगली खूण मला आजवर सापडलेली नाही.

मग अंग

जनावर जवळून गेलं, किंवा कुणाकडे दुर्बीण असली, तर या क्रमाने बघा.

शेपूट. लांडग्याची शेपूट खाली सोडलेली, सरळ, झुबकेदार, टोकाला काळी. लांबी मागच्या पायाच्या ढोपरापर्यंत. आपल्या गावठी कुत्र्यांची शेपूट बहुतेक वेळा विळ्यासारखी वर वळलेली असते. पण घाबरलेला कुत्राही शेपूट खाली पाडतो, म्हणून एका नजरेत निकाल देऊ नका. तो निवांत झाल्यावर शेपूट कुठे जाते ते बघा. पाठीवर वळली, तर प्रश्न मिटला.

पाय आणि छाती. लांडग्याचे पाय लांब, छाती अरुंद आणि खोल. समोरून बघितलं तर पुढचे दोन पाय एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. वजन मात्र लोकांना वाटतं तेवढं नसतं. आपल्याकडचा लांडगा साधारण १७ ते २५ किलोचा, म्हणजे गावातल्या दणकट कुत्र्याएवढाच. परदेशी लांडग्यांचे व्हिडिओ बघून वासराएवढ्या जनावराची अपेक्षा ठेवली, तर खरा लांडगा समोर येऊनही ओळखणार नाही. हिवाळ्यात मानेवर आणि पाठीवर केस वाढतात तेव्हा तो भरदार दिसतो, उन्हाळ्यात अगदी सडपातळ.

डोकं. कान ताठ, कपाळापासून नाकापर्यंतचा उतार सरळसोट, डोळे तिरपे आणि पिवळसर. कुत्र्याचे डोळे बहुधा गडद तपकिरी. पण डोळ्यांचा रंग दिसेल इतक्या जवळ तुम्ही असाल, तर आधी मागे सरका.

रात्री बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले म्हणून लांडगा, असं म्हणू नका. कुत्र्याचे चमकतात, मांजराचे चमकतात, गोठ्यातल्या गाईचेही चमकतात.

रंग फसवतो

लांडग्याचा रंग वाळलेल्या गवताच्या जवळचा: भुरका, राखाडी, पाठीवर काळ्या केसांची झाक, पोट आणि पायांची आतली बाजू फिकट. अडचण अशी, की आपल्याकडे भुरके कुत्रे गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे रंगावरून 'लांडगा आहे' असं ठरवता येत नाही. 'लांडगा नाही' हे मात्र बरेचदा ठरवता येतं. अंगावर पांढरे-काळे ठिपके, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, शेपटीचं पांढरं टोक, पूर्ण काळं अंग, यातलं काहीही दिसलं की तो बहुतांशी कुत्राच.

महामार्गाजवळच्या ढाब्यांवर आणि फार्महाऊसवर हल्ली अल्सेशियनच्या जातीची मिश्र कुत्री दिसतात, काही सोडून दिलेली. लांडगा म्हणून यांचेच फोटो सर्वांत जास्त फिरतात. त्यांची ओळख सोपी आहे: पाठीवर खोगीर घातल्यासारखा काळा पट्टा, रुंद छाती, कमरेकडे उतरती पाठ, आणि माणसाकडे बघताना ओळखीची नजर.

संकराचीही शक्यता ध्यानात ठेवा. लांडगा आणि कुत्रा यांची पैदास एकमेकांपासून होऊ शकते, आणि पुणे जिल्ह्यातल्या अशा संकराची २०२३ साली जनुकीय तपासणीतून खात्री झाली. चाल लांडग्याची पण रंग विचित्र तांबूस किंवा ठिपक्यांचा दिसला, तर ते जसं दिसलं तसं लिहून ठेवा. जबरदस्तीने एका खान्यात बसवू नका.

तुमच्याकडे बघून तो काय करतो

कुत्रा माणूस बघून काहीतरी व्यवहार करतो. भुंकतो, शेपूट हलवतो, जवळ येतो, अंगावर येतो किंवा ओळख नसल्यासारखा आपल्या कामाला लागतो. लांडगा थांबतो, तुमच्याकडे सरळ बघतो आणि तिरपा निघून जातो. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा थांबून मागे बघतो. भुंकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. लांडगा क्वचितच भुंकतो आणि कुत्र्यासारखा भुंकत राहणं त्याच्या स्वभावात नाही.

गावातल्या कुत्र्यांकडेही लक्ष द्या. परका कुत्रा आला की ती त्याच्यावर धावून जातात. लांडगा आला की वस्तीच्या कडेला उभी राहून एकसुरात भुंकतात, पण पुढे सरकत नाहीत.

आवाजाचं म्हणाल, तर रात्री एकाने सुरू केलं आणि चहूकडून चढत्या किंकाळ्या आल्या, तर ती कोल्हेकुई. लांडग्याची आरोळी लांब, खालच्या पट्टीतली आणि सलग. हद्दीवरचे कुत्रेही कधीकधी रडतात, पण त्यात मध्ये भुंकणं मिसळतं.

बाकीची मंडळी

ही पटकन सांगतो. कोल्हा लांडग्यापेक्षा बराच लहान, पाय आखूड, शेपूट तुलनेने छोटी आणि झुपकेदार, गावाच्या कडेला बिनधास्त फिरणारा. खोकड तर मांजरापेक्षा थोडंच मोठं, काळ्या टोकाची भलीमोठी शेपूट. रानकुत्रा विटकरी लाल, शेपूट काळी आणि झुबकेदार. तो जंगलातलाच, ताडोबा, नागझिरा, पेंच, मेळघाटकडे टोळीने दिसतो. तडसाचे पुढचे खांदे उंच, कंबर बसकी, अंगावर पट्टे आणि मानेवर आयाळ. तडस एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

ठसे आणि विष्ठा

ठशांवर फार भिस्त ठेवू नका. लांडग्याचा ठसा थोडा लांबट, मधली दोन बोटं पुढे आलेली, नखं जवळजवळ. कुत्र्याचा गोलाकार आणि पसरट. पण एकटा ठसा बघून मेंढपाळही पैज लावत नाहीत. ओळ बघा. पांदणीच्या धुळीत शंभर पावलं सरळ जाणारी ओळ लांडग्याकडे बोट दाखवते, फेऱ्या मारणारी कुत्र्याकडे. पांदणीच्या चौफुल्यावर केस आणि हाडांचे तुकडे असलेली, वाळून पांढरी पडलेली विष्ठा सापडली तर तीही नोंद घेण्यासारखी. हात लावू नका, तिच्यातून कृमी पसरतात.

पिल्लं सापडली तर

यावर मला सविस्तर सांगायचं आहे, कारण चांगल्या मनाची माणसं सर्वांत जास्त नुकसान इथेच करतात.

लांडगीण वर्षातून एकदाच विते, आपल्याकडे हिवाळ्यात. बीळ बहुधा नाल्याच्या दरडीत, दगडांच्या कपारीत, किंवा सायाळाचं नाहीतर खोकडाचं जुनं बीळ मोठं करून केलेलं. पिल्लं जानेवारी-फेब्रुवारीकडे बाहेर येऊन खेळू लागतात. नेमक्या याच दिवसांत कपाशीची वेचणी, तुरीची काढणी सुरू असते आणि शिवार माणसांनी भरलेलं असतं.

छोटी पिल्लं दिसायला अगदी कुत्र्याची. अंग काळपट तपकिरी, कान पडलेले. त्यात आणखी एक फसगत आहे: जन्मतः लांडग्याच्या पिल्लाच्या छातीवर दुधासारखा पांढरा डाग असतो, जो वाढत्या वयात नाहीसा होतो. म्हणजे मोठ्या जनावराला लावलेला 'पांढरं दिसलं की कुत्रा' हा नियम पिल्लाला लावू नका. महिन्यावरूनही ठरत नाही, कारण गावातल्या कुत्र्याही हिवाळ्यात वितात. उन्हाळ्यात डोळे न उघडलेली पिल्लं सापडली, तर ती कुत्र्याची हे मात्र बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं.

म्हणून पिल्लांकडे न बघता जागेकडे बघा. कुत्री वस्तीच्या आसपास विते: कोठ्यात, कडब्याच्या गंजीखाली, पडक्या घरात, पुलाखाली. गावापासून लांब, माणसाची वर्दळ नसलेल्या दरडीत पिल्लं दिसली, तर ती लांडग्याची, कोल्ह्याची किंवा खोकडाची समजा आणि आल्या पावली मागे फिरा. आई दिसत नाही म्हणजे ती सोडून गेली असं नसतं. ती शिकारीला गेलेली असते किंवा झुडपातून तुमच्याकडेच बघत असते. फोटोसाठी तिथे रेंगाळू नका, बिळाच्या तोंडाशी धूर करू नका, सोबतचा कुत्रा तिकडे सोडू नका. कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांत जातात आणि त्यात पिल्लं दगावतात. गर्दी झाली तर लांडगीण बीळ बदलते, आणि त्या धावपळीत एखादं पिल्लू मागे राहतं.

पोरांनी आधीच घरी आणली असतील, तर रागावू नका. त्यांच्याकडून जागा नीट समजून घ्या आणि लगेच वनरक्षकाला कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आहे. त्याला पकडणं, पाळणं, मारणं या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. बहुतेक कुटुंबांना हे ठाऊक नसतं, म्हणून तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसाने शांतपणे सांगितलं तर ऐकलं जातं.

शेळी मेली तर

पहाटे कुणाच्या तरी कोठ्यासमोर गर्दी जमते आणि निकाल आधीच लागलेला असतो: लांडगा. तुम्ही तिथे गेलात तर एवढं करा.

किती जनावरं जखमी आहेत ते मोजा. कुत्र्यांच्या टोळीने हल्ला केला असेल तर बहुधा एकापेक्षा जास्त शेळ्यांना चावे असतात: कान फाटलेले, मांड्या आणि पाय तोडलेले, काही जिवंत पण लोळागोळा, आणि खाल्लेलं फारसं नाही. लांडगा बहुधा गळा किंवा मान धरतो आणि खाण्यासाठी मारतो. करडू किंवा कोकरू तो उचलूनच नेतो, मागे रक्ताचा थोडा माग राहतो. पण हे 'बहुधा' जपून वापरा. बंद वाडग्यात शिरलेला लांडगाही एकापेक्षा जास्त मेंढ्या मारू शकतो, आणि शिकारीला सरावलेले कुत्रे नीट मारून खाऊही शकतात. आजूबाजूचे ठसे लोकांच्या पायांनी बुजण्याआधी त्यांचे फोटो घ्या, शेजारी काडेपेटी ठेवून.

मेलेलं जनावर हलवू देऊ नका. लांडग्याने मारलेल्या गुराढोरांसाठी वन विभागाकडून नुकसानभरपाई मिळते. त्यासाठी ४८ तासांच्या आत कळवावं लागतं आणि जागेवरच पंचनामा व्हावा लागतो. शेळीवर ज्याचं घर चालतं, त्याच्यासाठी ही रक्कम महत्त्वाची आहे. अर्ज लिहून देणं, फोन लावून देणं, हे तुम्ही करू शकता. कुत्र्यांनी मारलेल्या शेळीसाठी ही योजना लागू होत नाही, म्हणून शेळीवाले काका 'लांडगाच लिवा सर' असा आग्रह धरतील. त्यांची अडचण खरी आहे, तरी जे दिसलं तेच लिहा. खोट्या नोंदी वाढल्या की गावाचा लांडग्यावरचा राग वाढतो, आणि मोकाट कुत्र्यांचा खरा प्रश्न तसाच राहतो.

मेलेल्या शेळीवर कीटकनाशक टाकून ठेवायची भाषा कानावर आली, तर तिथल्या तिथे थांबवा. ते खाऊन कुत्रे मरतात, घारी मरतात, गिधाडं मरतात, आणि तो गुन्हाही आहे.

समोरासमोर आलात तर

पळू नका, पाठ फिरवू नका. ताठ उभे राहा, मोठ्याने ओरडा, हातात काठी असेल तर जमिनीवर आपटा आणि हळूहळू मागे सरका. कुत्र्यांची टोळी अंगावर आली तरी हेच करायचं. मोटारसायकल लांडग्यामागे घालून व्हिडिओ काढणारी पोरं दिसली तर त्यांना रोखा.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी लहान मुलांवर हल्ले केल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. निरोगी लांडगा सहसा माणसाला टाळतो, तरी लहान लेकरांबाबत काळजी घ्यायला काहीच हरकत नाही. वेचणीच्या दिवसांत बाया लेकरांना धुऱ्यावर झाडाखाली बसवून पुढे सरकत जातात. एखादी म्हातारी आजी त्यांच्याजवळ बसून राहील अशी सोय करायला सांगा. उन्हाळ्यात लहान मुलं अंगणात एकटी झोपू नयेत, हेही.

चावा कुणाचाही असो, कुत्र्याचा, लांडग्याचा, कोल्ह्याचा, तो रेबीजचा धोका समजायचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. ते जवळच्या केंद्रात नसेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. दिवसाढवळ्या वस्तीत शिरून दिसेल त्याला चावत सुटलेलं जनावर पिसाळलेलं समजा. तिथे ते कुत्रा की लांडगा हा वाद घालण्यात वेळ दवडू नका.

कळवायचं कसं

वन विभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६. त्याशिवाय तुमच्या बीटच्या वनरक्षकाचा आणि पोलीस पाटलांचा नंबर पहिल्याच आठवड्यात सेव्ह करून ठेवा. फोनवर 'लांडगा दिसला' एवढंच सांगू नका. तारीख, वेळ, शिवार आणि शेत, किती जनावरं, कुठून कुठे गेली, शेपूट कशी होती, चाल कशी होती, भुंकलं का, ते सांगा. खात्री नसेल तर 'लांडगा असावा' म्हणा. फोटो धूसर असला तरी वनरक्षकाला पाठवा, गावाच्या ग्रुपवर टाकू नका. आणि बिळाची जागा वनरक्षक आणि त्या बाजूला मेंढ्या चारणारे काका सोडून कुणालाही सांगू नका. काकांना मात्र जरूर सांगा, म्हणजे पिल्लं मोठी होईपर्यंत ते कळप दुसऱ्या अंगाने वळवतील.